प्लगिन कोणाच्या हातात द्यायचं? गावाकडच्या कंपनीची वेबसाइट सांभाळणाऱ्यांसाठी

यवतमाळ घ्या, वाशिम घ्या, वर्धा घ्या, आता तालुक्यातालुक्यात शेतकरी उत्पादक कंपन्या झाल्या अन् त्यातल्या बऱ्याच जणांनी वेबसाइट पण काढल्या, कोणी तूरडाळ विकून राहिलं, कोणी हळद, वरुड-मोर्शीकडं संत्र्याच्या पेट्यांची ऑर्डर ऑनलाइन घेऊन राहिले. चांगली गोष्ट आहे, खरंच चांगली. पण यातल्या कितीतरी साइटचा कारभार आतून पाहिला तर एकच अ‍ॅडमिन खातं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं असते, त्याचा पासवर्ड ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडलेला असते, अन् रोजचे भाव टाकणारी ताई, गोदामवाले दादा, हिशोब पाहणारा, अध्यक्ष, सगळे त्याच खात्यातून आत शिरतात. मुद्दाम कोणी काही बिघडवत नाही, पण एखाद्या दिवशी कोणीतरी "हे काय आहे बुवा" म्हणून एक बटन दाबते अन् ऐन तुरीच्या सीझनमध्ये दुकानच बंद पडते.

बऱ्याच अशा साइट वर्डप्रेसवर असतात म्हणून वर्डप्रेस धरूनच बोलतो. २००३ साली मॅट मुलनवेग अन् माइक लिटल या दोघांनी हे सुरू केलं, फुकट आहे, शिकायला सोपं आहे. मूळ वर्डप्रेसमध्ये पानं, लेख, फोटो एवढंच असते, बाकी जे काही पाहिजे ते वरून जोडायचं, त्या जोडायच्या तुकड्याला प्लगिन म्हणतात. दुकान पाहिजे तर वूकॉमर्स, सभासद नोंदणी पाहिजे तर फॉर्मचं प्लगिन, शेतकऱ्यांना एसएमएस पाठवायचे तर त्याचं वेगळं, बॅकअपचं वेगळं. आता लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे प्लगिनला वर्डप्रेसमध्ये वेगळी खोली नसते. एकदा चालू केलं की ते वर्डप्रेसच्याच ताकदीनं चालते, अख्खा डेटाबेस, म्हणजे साइटवर साठवलेली सगळी माहिती, त्याला दिसते, फायली त्याला लिहिता येतात. म्हणून कोणतं प्लगिन कोण वापरेल हा प्रश्न कंपनीनं बसून ठरवायचा आहे, साइट बनवणाऱ्या पोरावर सोडून द्यायचा नाही.

अन् इथंच पहिली गफलत होते. "प्लगिनचा अ‍ॅक्सेस द्या" असं आपण बोलतो तेव्हा ती एक गोष्ट वाटते, असतात पाच. प्लगिन नवीन टाकणं किंवा काढून फेकणं ही एक. टाकलेलं चालू-बंद करणं दुसरी. त्याच्या सेटिंग बदलणं, म्हणजे एसएमएस कोणत्या खात्यातून जाईल, पेमेंट कोणत्या बँकेत येईल, ही तिसरी. रोजचं काम करणं, ऑर्डर पाहणं, स्टॉक कमी-जास्त करणं, ही चौथी. अन् पाचवी, जी कोणाच्याच डोक्यात येत नाही, ती म्हणजे प्लगिननं जमा केलेली माहिती पाहणं अन् डाऊनलोड करणं. गोदामवाल्या दादांना फक्त चौथी पाहिजे असते, आपण त्यांना पाचही देऊन बसतो.

पाचवीबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण जीव इथंच अडकते. सभासद नोंदणीच्या फॉर्ममध्ये आपण काय काय मागतो पहा: नाव, मोबाइल, आधार, सातबारा, बँकेच्या पासबुकाचा फोटो. हजार शेतकऱ्यांची कंपनी असली तर हजार घरांची माहिती एका प्लगिनच्या आत बसलेली आहे अन् त्याला एक्सपोर्टचं बटन आहे, दाबलं की एक्सेल हातात. बॅकअपचं प्लगिन तर त्याच्याहूनही भारी, त्यात फॉर्म, ऑर्डर, सगळ्यांची खाती, सगळंच एका झिप फाइलमध्ये येते. म्हणजे बॅकअप डाऊनलोड करू शकणारा माणूस बाकी कुठंच शिरला नाही तरी त्याला सगळं मिळालेलं असते. अन् शेतकऱ्यानं अपलोड केलेले फोटो बहुतेक वेळा अपलोडच्या फोल्डरमध्ये पडतात, ते फोल्डर नेहमीसारखं ठेवलं तर फाइलचा पत्ता माहीत असणाऱ्या कोणालाही लॉगिन न करता फोटो उघडते. प्लगिनची परवानगी कितीही नीट लावली तरी ही फाइल त्या राखणीत येत नाही, ती सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथं ठेवली आहे त्या कॉम्प्युटरवर, वेगळी बंद करावी लागते, साइटवाल्याला हे स्पष्ट विचारा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पण माहिती घेणाऱ्यावरच तिच्या सुरक्षेची जबाबदारी टाकते. पण कायदा बाजूला ठेवा, शेतकऱ्यानं आपल्यावर भरवसा ठेवून पासबुक दिलं आहे, तो भरवसा मोठा आहे.

आता रोल, म्हणजे प्रत्येक खात्याला दिलेला दर्जा. साध्या वर्डप्रेस साइटला पाच रोल तयारच येतात, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्युटर अन् सबस्क्रायबर. कॉन्ट्रिब्युटर लिहू शकते पण छापू शकत नाही, फोटोही चढवू शकत नाही. ऑथर आपलं स्वतःचं छापू शकते, एडिटर दुसऱ्याचंही. प्लगिन टाकणं, चालू-बंद करणं हे फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला. रोल म्हणजे आत छोट्या छोट्या परवानग्यांचा गठ्ठा असते, त्या परवानगीला कॅपॅबिलिटी म्हणतात: लेख लिहिणं एक, फाइल चढवणं एक, प्लगिन चालू करणं एक, असं. साइट पाहते ती कॅपॅबिलिटी, रोल हे फक्त वरचं नाव. म्हणून गठ्ठ्यातली एखादी परवानगी काढता येते, घालता येते, नवीन रोलही बनवता येते, त्यासाठी मेंबर्स किंवा यूजर रोल एडिटर असे प्लगिन मिळतात.

मंग प्रश्न असा की एवढी सोय असून गावोगावी सगळे अ‍ॅडमिन काऊन? याचं खरं कारण आपल्या लोकांच्या आळसात नाही, प्लगिन बनवणाऱ्यांच्या सवयीत आहे. प्लगिन आपला मेनू दाखवतानी सांगते की हा मेनू कोणती कॅपॅबिलिटी असणाऱ्याला दाखवायचा. बरेच डेव्हलपर तिथं डोळे झाकून "मॅनेज ऑप्शन्स" लिहून देतात, अन् ही परवानगी फक्त अ‍ॅडमिनकडं असते. आता भाव टाकणाऱ्या ताईला भावाचा तक्ता भरायचा आहे, तिच्या एडिटर खात्यात तो मेनूच दिसत नाही, ऑफिसमधून फोन जाते, साइटवाला म्हणते थांबा एक मिनिट, अन् ताईला अ‍ॅडमिन करून देते. मेनू दिसला, काम झालं, सगळे खुश, अन् एका तक्त्यासाठी अख्ख्या साइटच्या चाब्या ताईच्या पदरात पडल्या ज्या तिनं मागितल्याही नव्हत्या.

कोणी हुशारी करून ताईला एडिटरच ठेवते अन् तिला फक्त मॅनेज ऑप्शन्स तेवढी जोडून देते. हे पण करू नका. ती परवानगी ज्याच्याकडं आहे त्याला जनरल सेटिंगचं पान उघडते, तिथं "कोणीही नोंदणी करू शकते" ही टिक आहे अन् खालीच नवीन खात्याचा डिफॉल्ट रोल निवडायचा आहे, तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर केला अन् नवीन खातं उघडलं की झाला तो माणूस अ‍ॅडमिन. ताई असं करणार नाही, पण ताईचा पासवर्ड ज्याच्या हाती लागेल तो पहिल्यांदा हेच करेल. बरोबर रस्ता म्हणजे त्या प्लगिनच्या सेटिंगमध्ये "कोणत्या रोलला परवानगी" असा पर्याय आहे का ते पाहणं, चांगल्या प्लगिनमध्ये असते, नसला तर डेव्हलपरकडून त्या मेनूसाठी वेगळी कॅपॅबिलिटी बनवून घेणं, अन् तेही होत नसलं तर दुसरं प्लगिन शोधणं. प्लगिन निवडतानी लोक रंगरूप पाहतात, स्टार पाहतात, मी तर म्हणतो आधी हा पर्याय पहा.

दुसरी गफलत मेनू लपवायची. मेनू लपवणारे प्लगिन मिळतात, नको ते मेनू टिक काढून गायब करता येतात, स्क्रीन स्वच्छ दिसते. पण माणूस जर अ‍ॅडमिन असेल अन् त्याच्यापुढून प्लगिनचा मेनू नुसता लपवला असेल, तर त्या पानाचा पत्ता ब्राउझरमध्ये टाइप केला की पान उघडते, कारण त्याची परवानगी कुठं गेलीच नाही. गोदामाची पाटी काढून टाकली अन् शटर उघडंच ठेवलं, असा तो प्रकार. मेनू लपवणं वाईट नाही, नवीन माणसाचा गोंधळ कमी होते, त्याच्यासाठी जरूर करा. फक्त त्याला सुरक्षा समजू नका.

अडवायचं असते ते सर्व्हरवर, अन् प्रत्येक कामाच्या वेळी. पान दाखवतानी एकदा तपासलं अन् बटन दाबल्यावर तपासलंच नाही, असे प्लगिन ढिगानं आहेत. वर्डप्रेसमध्ये पान न बदलता पाठीमागं काम करायची एक सोय आहे, अजॅक्स म्हणतात तिला, अन् लॉगिन केलेल्यांसाठी ठेवलेलं अजॅक्सचं काम कोणताही लॉगिन केलेला माणूस बोलावू शकते, अगदी तुमच्या दुकानात डाळ घ्यायला खातं उघडलेलं गिऱ्हाईकसुद्धा. आत डेव्हलपरनं "याला परवानगी आहे का" हे तपासलं असेल तर ठीक, नसेल तर गिऱ्हाईक तुमच्या सेटिंग बदलून जाईल. यात एक फसवं नाव आहे. वर्डप्रेसमध्ये "इज अ‍ॅडमिन" नावाचं फंक्शन आहे, नवीन पोट्ट्यांना वाटते हे माणूस अ‍ॅडमिन आहे का ते सांगते, पण ते सांगते एवढंच की आता अ‍ॅडमिनच्या भागातली विनंती चालू आहे का, अन् अजॅक्सच्या वेळी तर ते नेहमीच हो म्हणते. माणसाची परवानगी तपासायला "करंट यूजर कॅन" हे फंक्शन आहे. साइट बनवणाऱ्याला विचारा, तुझ्या प्लगिनमध्ये हे कुठं कुठं आहे दाखव. त्याला राग नाही येत, चांगला पोरगा असला तर उलट दाखवते.

हे प्रकार किती भोवते ते २०२० च्या सप्टेंबरमध्ये दिसलं. डब्ल्यूपी फाइल मॅनेजर नावाचं प्लगिन सात लाखांच्या वर साइटवर होतं, सर्व्हरवरच्या फायली ब्राउझरमधूनच हाताळायला लोक ते टाकत. ते ज्या दुसऱ्या लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडवर, बांधलं होतं तिच्यात एक नमुन्याची फाइल होती, तिचं नाव मुद्दाम असं ठेवलं होतं की ती सर्व्हरवर चालू नये, प्लगिनमध्ये तिचं नाव बदललं गेलं अन् ती चालू लागली. तिच्यात लॉगिन तपासायची ओळच नव्हती. म्हणजे स्क्रीनवर सगळं बरोबर होतं, अ‍ॅडमिनशिवाय कोणाला फाइल मॅनेजर दिसत नव्हता, पण त्या एका फाइलचा पत्ता सरळ मारला की जगातला कोणीही साइटवर आपली फाइल चढवू शकत होता, अन् चढवल्याही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, फाइल मॅनेजर जातीचं प्लगिन गावाकडच्या साइटवर कायमचं ठेवूच नये. काम पडलं तर टाका, काम झालं की नुसतं बंद करू नका, काढून टाका, कारण बंद केलेल्या प्लगिनच्या फायली सर्व्हरवर तशाच पडून असतात अन् अशी सरळ पत्त्यानं उघडणारी फाइल बंद-चालू पाहत नाही.

अजून एक किस्सा, दुकान चालवणाऱ्यांनी हा नक्की समजून घ्या. वूकॉमर्स टाकलं की ते "शॉप मॅनेजर" नावाचा नवीन रोल बनवते, चांगला रोल आहे, ऑर्डर अन् माल पाहणाऱ्यासाठी. शॉप मॅनेजरला गिऱ्हाइकाचा पत्ता-फोन दुरुस्त करता यावा म्हणून त्या रोलला लोकांची खाती बदलायची कॅपॅबिलिटी दिलेली असते. आता ती असली तर तो अ‍ॅडमिनचं खातंही बदलू शकेल, म्हणून वूकॉमर्स स्वतः मधात उभं राहून सांगते की बाबा फक्त गिऱ्हाइकांचीच बदल. गोम अशी की कॅपॅबिलिटी डेटाबेसमध्ये लिहिलेली, अन् ही अडवणूक प्लगिनच्या कोडमध्ये. प्लगिन बंद पडलं की अडवणूक गेली, कॅपॅबिलिटी तशीच राहिली. २०१८ मध्ये आरआयपीएस या कंपनीच्या संशोधकानं दाखवून दिलं की वूकॉमर्सच्या लॉग पुसायच्या सोयीत एक भोक आहे, त्यातून शॉप मॅनेजर वूकॉमर्सचीच मुख्य फाइल पुसू शकते, मंग वर्डप्रेस ते प्लगिन बंद करते, अन् शॉप मॅनेजर सरळ अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलून मालक होते. भोक ३.४.६ आवृत्तीत बुजवलं. पण आपल्यासाठी त्यात शिकायचं ते वेगळंच: प्लगिन काढलं म्हणजे त्यानं वाटलेल्या परवानग्या आपोआप जातात असं नाही. दर वेळी प्लगिन काढलं की रोलची यादी उघडून पहायची, कोणता अनाथ रोल मागं राहिला अन् कोणाच्या खात्याला अजून चिकटून आहे.

हा विचार काही नवा नाही. १९७५ सालीच जेरोम सॉल्टझर अन् मायकेल श्रोडर यांनी लिहून ठेवलं होतं की माणसाला कामापुरतीच परवानगी द्या, अन् प्रत्येक वेळी तपासा, एकदा तपासलं म्हणून पुढच्या वेळी सोडू नका. माणसाला थेट परवानगी न देता रोलला द्यायची अन् माणूस रोलमध्ये बसवायचा, ही पद्धत १९९२ मध्ये डेव्हिड फेरायोलो अन् रिचर्ड कुन यांनी नीट मांडली. तरीही वेबच्या धोक्यांची जी यादी ओवास्प ही संस्था काढते त्यात परवानगीतली गडबड २०१७ ला पाचव्या नंबरवर होती, २०२१ ला पहिल्यावर आली.

शाळा-कॉलेजवाल्यांसाठी मूडलबद्दल, म्हणजे ऑनलाइन शिकवायच्या सॉफ्टवेअरबद्दल, थोडक्यात. मूडलमध्ये क्विझ, असाइनमेंट, फोरम हे सगळे प्लगिनच, अन् अ‍ॅडमिन कोणताही प्रकार अख्ख्या साइटसाठी लपवू शकते. पण त्याहून बारीक सोय अशी की प्रत्येक प्रकाराला "कोर्समध्ये हा नवीन जोडणं" अशी आपली वेगळी कॅपॅबिलिटी असते, म्हणजे गुरुजींना क्विझ जोडू द्यायचं अन् दुसरं एखादं नाही, असं करता येते. परवानगीचे चार प्रकार आहेत: काहीच न ठरवणं, अलाऊ, प्रिव्हेंट अन् प्रोहिबिट. वर, म्हणजे अख्ख्या साइटला, प्रिव्हेंट केलेलं एखाद्या कोर्सपुरतं अलाऊ करता येते. प्रोहिबिट एकदा वर लावलं की खाली कोणालाच उघडता येत नाही, म्हणून ते फार जपून लावायचं. माझ्या मते ही रचना वर्डप्रेसपेक्षा जास्त समजूतदार आहे, कारण परवानगी जागेप्रमाणे बदलते. वर्डप्रेसमध्ये तसं पाहिजे असेल, म्हणजे चार तालुक्यांच्या कंपन्यांची एकत्र साइट, तर मल्टिसाइट, म्हणजे एकाच वर्डप्रेसमध्ये अनेक साइट, करावं लागते, तिथं प्लगिन फक्त सुपर अ‍ॅडमिन टाकते अन् खालच्या साइटच्या अ‍ॅडमिनला चालू-बंद करायचा मेनू द्यायचा की नाही हे नेटवर्क सेटिंगमधल्या एका टिकेवर असते.

आता खरी अडचण, जी कोणत्याच सेटिंगमध्ये नाही. रोल वेगळे करायचे म्हटलं की पहिला प्रश्न अध्यक्षांकडून येते, "काऊन रे बाबू, मी अध्यक्ष अन् मलेच बटन दिसत नाही?" त्यांचं चूक नाही, कंपनी त्यांनी उभी केली, गावोगाव फिरून शेअर गोळा केले. त्यांना बाजूला बसवून समजावून सांगायचं, काका, अ‍ॅडमिन खातं म्हणजे मान नाही, जोखीम आहे. तुमच्या नावानं अ‍ॅडमिन खातं आहे अन् तुमचा फोन नातवाच्या हातात असते, उद्या त्यातून काही झालं तर नोंदीत तुमचं नाव येईल. तुम्हाला पाहिजे तो विक्रीचा रिपोर्ट, तो तुमच्या खात्यात पहिल्याच पानावर लावून देतो. हे असं मनापासून सांगितलं तर माणसं ऐकतात. सांगायचंच नाही अन् गुपचूप रोल कमी करायचा, हे मात्र अजिबात करू नका, त्यातून कंपनीत तडा जाते.

कामाला लागायचं असेल तर कागदावर आधी माणसांची नाही, कामांची नावं लिहा. भाव टाकणं, ऑर्डर पाहणं, स्टॉक, एसएमएस, सभासदांची माहिती, बॅकअप. मंग त्या पाचही गोष्टी प्रत्येक कामापुढं तपासा, कोणती खरंच लागते. एसएमएसचं प्लगिन पैसे खाते, म्हणून पाठवणं एकाकडं अन् त्याच्या सेटिंग दुसऱ्याकडं. अ‍ॅडमिन दोघंच ठेवा, एकच ठेवला अन् तो माणूस पुण्याला निघून गेला तर कुलूप तोडायची पाळी येते. प्रत्येकाला वेगळं खातं, नेट कितीही हळू असलं तरी. साइटवाल्याला सांगून कॉन्फिग फाइलमध्ये "डिसअलाऊ फाइल एडिट" लावून घ्या, त्यानं ब्राउझरमधून प्लगिनचा कोड बदलायचं पान अ‍ॅडमिनलाही बंद होते. "डिसअलाऊ फाइल मॉड्स" त्याच्याही पुढचं आहे, त्यात नवीन प्लगिन टाकणंच बंद होते, पण अपडेटही बंद होतात, म्हणून वेगळ्या मार्गानं अपडेट करणारा पक्का माणूस असेल तरच. अन् कोणी काय केलं याची नोंद वर्डप्रेस स्वतःहून ठेवत नाही, त्यासाठी अ‍ॅक्टिव्हिटी लॉगचं प्लगिन टाका, अन् ते पाहायची परवानगी त्या दोघांनाच.

सगळं लावून झालं की त्या त्या रोलचं एक चाचणीचं खातं बनवा, ब्राउझरच्या खासगी विंडोमध्ये त्यातून लॉगिन करा, अन् अ‍ॅडमिन खात्यात दिसणाऱ्या पानांचे पत्ते एक एक करून तिथं टाका. भाव टाकणारीच्या खात्यातून प्लगिनचं पान उघडलं, सभासदांची यादी उघडली, की समजायचं अजून काम बाकी आहे. काम झालं की ते खातं पुसून टाका.

सीझनपुरते दोन पोरं ठेवता ना तुम्ही, सोयाबीन यायला लागली की काट्यावर अन् ऑर्डरवर, त्यांचं खातं सीझन संपला की तसंच राहते. पुसायची घाई पण करू नका, पुसतानी वर्डप्रेस विचारते की यानं टाकलेले लेख-फोटो पुसायचे की दुसऱ्याच्या नावावर करायचे, अन् घाईत चुकीचं निवडलं तर हंगामभराचे भाव जातात. रोलच्या यादीत सर्वात खाली "या साइटवर कोणताच रोल नाही" असा पर्याय असते, तो निवडा अन् पासवर्ड बदलून टाका. पुढच्या वर्षी तोच पोरगा आला तर रोल परत द्यायला अर्धा मिनिट लागते.